सात लाख शब्दांची तपासणी

बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की गोराई गाव येतं. तिथून एका बाजूला मनोरी, दुसऱ्या बाजूला उत्तन. खाडीच्या अलीकडे बोरिवली आणि तिच्या शेजारी दहिसर, कांदिवली. ही नावं नकाशा काढणाऱ्या एका प्रोग्रॅमकडून देवनागरीत छापून घेतली, तर दहा-पंधरा वर्षांपूर्वी एक विचित्र प्रकार दिसायचा. गोराई बरोबर उमटायचं. मनोरीही बरोबर. दहिसरचं मात्र ‘दहसिर’ व्हायचं, कांदिवलीचं ‘कांदविली’, आणि उत्तनमधला जोडाक्षराचा सांधा सुटून ‘उत्‌तन’ असं काहीतरी समोर यायचं.

या प्रोग्रॅमचं नाव मॅपनिक. ओपनस्ट्रीटमॅप या जगभरातल्या स्वयंसेवकांनी उभारलेल्या नकाशाची चित्रं तो तयार करतो. मॅपनिक ‘ओपन सोर्स’ आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कोणीही तो वाचावा, त्यातली चूक दाखवावी, दुरुस्ती सुचवावी. अशा सॉफ्टवेअरमधल्या चुकीला बग म्हणतात. हा बग कुठून आला ते समजून घेणं सोपं आहे. संगणक ‘हि’ हे अक्षर साठवताना आधी ह आणि मग ऱ्हस्व वेलांटी असं साठवतो, म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमाने. छापताना मात्र वेलांटी ह च्या डावीकडे काढावी लागते. जुना मॅपनिक साठवलेल्या क्रमाने एकेक चिन्ह उजवीकडे मांडत जायचा. त्यामुळे ह ची वेलांटी पुढच्या स ला जाऊन चिकटायची. गोराई आणि मनोरी सुटायचे, कारण त्यांतले काने, मात्रा आणि दीर्घ वेलांटी सगळे अक्षराच्या उजव्या बाजूचेच आहेत.

आता कल्पना करा, की हा बग दुरुस्त करायला घेतलेल्या प्रोग्रॅमरने काहीतरी बदल केला आणि खात्रीसाठी ‘गोराई’ हा एकच शब्द छापून पाहिला. शब्द बरोबर आला, त्याने काम संपल्याची नोंद केली. त्याने काही खोटं केलेलं नाही, त्याने तपासलंही आहे. तरी दहिसर आणि कांदिवली तशीच मोडलेली राहिली. बग दुरुस्तीतली सावधगिरी कशाला म्हणायचं, हा प्रश्न इथे सुरू होतो. हुशारी, मेहनत आणि चांगला हेतू हे तिन्ही असूनही दुरुस्ती फसते. ती बहुतेक वेळा फसते ती कोणता शब्द तपासायचा याची निवड चुकल्याने.

मॅपनिकची खरी दुरुस्ती मोठी होती. २०१२ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थ्यांना ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करू देणाऱ्या गूगलच्या योजनेत, मॅपनिकला हार्फबझ नावाचा दुसरा प्रोग्रॅम जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. २०१५ मध्ये मॅपनिकची तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते लोकांच्या हाती पडलं. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी जे करायचा, तेच हार्फबझ करतो. आलेल्या मजकुरातली अक्षरं पाहायची, कोणाचा जोड कोणाशी, वेलांटी कुठे, रफार कुणाच्या डोक्यावर हे ठरवायचं आणि फॉन्टमधले योग्य आकार योग्य जागी ठेवायचे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडचे फोन, लिबरऑफिस अशा सगळ्यांच्या आत हाच जुळारी बसलेला आहे. गोराईत फोनवर मराठी बातमी वाचणाऱ्या माणसाने हार्फबझचं नावही ऐकलेलं नसतं, पण त्याच्या पडद्यावरची कितीतरी अक्षरं याच जुळाऱ्याच्या हातून जुळून आलेली असतात.

हार्फबझचा मुख्य लेखक बेहदाद एस्फाहबोद. मूळचा इराणचा, नंतर कॅनडात गेलेला. देवनागरी ही त्याची लिपी नव्हे. २०१२ च्या सुमारास त्याने भारतीय लिपींची जुळणी नव्याने लिहायला घेतली, तेव्हा त्याच्यापुढे अडचण उघड होती. आपण लिहिलेला कोड मराठी किंवा बंगाली शब्द बरोबर छापतो की नाही, हे डोळ्यांनी पाहून सांगणं त्याला शक्य नव्हतं. त्याने यावर जो मार्ग काढला तो या लेखाच्या विषयाचा गाभा आहे.

विकिपीडियाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या पानांवरून त्या त्या लिपीतले शब्द गोळा केले. देवनागरीचे शब्द भरले ७,०७,३९४. मग प्रत्येक शब्द एकदा हार्फबझकडून आणि एकदा मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या जुन्या, मुरलेल्या जुळाऱ्याकडून जुळवून घेतला आणि दोन्ही निकाल ताडून पाहिले. कोडमध्ये कुठलाही बदल केला की ही सगळी तपासणी पुन्हा. आणि त्या बदलाच्या नोंदीतच निकाल लिहून ठेवायचा: देवनागरीत एवढ्यांपैकी इतके चुकले, बंगालीत इतके, तमिळमध्ये इतके. एका टप्प्यावरची नोंद सांगते, की देवनागरीच्या ७,०७,३९४ शब्दांपैकी ८७ चुकले. म्हणजे आठ हजार शब्दांत एक. त्याच सुमारास बंगालीत ३,५४,१८८ पैकी चारशेच्या वर चुकत होते.

या नोंदी आजही उघड आहेत, कोणीही वाचू शकतो. त्यांत एक गोष्ट मनाला भिडते. बंगालीतला दोष काढायला केलेल्या बदलाच्या नोंदीतही देवनागरीचा आकडा लिहिलेला असतो. बंगाली सुधारताना मराठी-हिंदी बिघडली नाही ना, हे त्या माणसाने प्रत्येक वेळी पाहिलेलं असतं. एका दुरुस्तीने दुसरीकडे मोडतोड होणं हा सॉफ्टवेअरमधला सगळ्यात जुना आजार आहे आणि त्यावर इतका साधा, इतका कष्टाचा आणि इतका प्रामाणिक उपाय क्वचितच पाहायला मिळतो.

पण ८७ चं शून्य का केलं नाही? कारण काही शब्दांत युनिस्क्राइबच चुकत होता. नमुना म्हणून समोर ठेवलेल्या प्रोग्रॅमची चूक जशीच्या तशी उचलली असती तर आकडा सुंदर दिसला असता आणि शब्द मोडका राहिला असता. हार्फबझमध्ये यासाठी चक्क एक वेगळी कळ ठेवली गेली होती. ती दाबली की हार्फबझ युनिस्क्राइबच्या चुकांसकट वागायचा, म्हणजे तुलना करताना खरा फरक कुठला आणि नमुन्यातला दोष कुठला हे वेगळं काढता येई. रोजच्या वापरात ती कळ बंद.

मराठीच्या वाट्याला इतर देवनागरी भाषांपेक्षा दोन-चार गुंतागुंती जास्त आल्या आहेत आणि सावधगिरीची परीक्षा तिथेच होते. पहिली गुंतागुंत ऱ्य आणि ऱ्ह यांची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. पहिल्यात र चा रफार होतो, दुसऱ्यात र अर्धा, आडव्या कोयरीसारखा य च्या आधी बसतो. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदीचे शब्द तपासून ‘देवनागरी झाली’ असं ठरवलेला फॉन्ट मराठीत गडबडतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, हा आकार मिळवायचे दोन रस्ते आहेत. एकात ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचं. हा दुसरा रस्ता युनिकोडच्या जुन्या आवृत्तीपासूनचा, म्हणून आजही मान्य. आता एखाद्या प्रोग्रॅमरने मजकूर ‘स्वच्छ’ करताना न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकायचा नियम घातला, तर इंग्रजीत काहीच बिघडत नाही. मराठीत दुसऱ्या रस्त्याने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

दुसरी गुंतागुंत ॲ ची. बँक, कॅमेरा यांतला चंद्र व्यंजनावर बसतो, तिथे अडचण नाही. पण ॲप, ॲसिड असे शब्द लिहायला लागणारा चंद्र डोक्यावर घेतलेला अ युनिकोडमध्ये २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत आला. तोवर लोकांनी काय करायचं? अ लिहून त्यावर वेगळा चंद्र ठेवायचा. काही प्रणाली हे चालवून घेत, काही मात्र मध्ये टिंबांचं वर्तुळ काढत, म्हणजे ‘हा जोड मला मान्य नाही’. ते वर्तुळ टाळायला अनेकांनी अ आणि चंद्र यांच्या मध्ये पुन्हा तेच न दिसणारं जोडचिन्ह घुसवलं. आज मराठी संकेतस्थळांवर ॲ तीन प्रकारांनी लिहिलेला सापडतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तिन्ही वेगळे. एका प्रकाराने शोधलं तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेलं पान साध्या शोधात येत नाही. ज्यांनी जोडचिन्ह घुसवलं त्यांनी त्या दिवशीची अडचण सोडवली होती. पुढची वीस वर्षं मराठी मजकुरात राहणारी गुंतागुंत त्यांना तेव्हा दिसणं कठीण होतं. तरी अशा तात्पुरत्या उपायाशेजारी ‘हा तात्पुरता आहे, नवं अक्षर आलं की बदला’ एवढी नोंद कोडमध्ये असती, तरी नंतरच्यांचं काम कितीतरी हलकं झालं असतं.

महाराष्ट्रात खुले मराठी फॉन्ट घडवण्याची एक परंपराच आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुले केले आणि पुढे त्यांची देखभाल बराच काळ रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी केली. आधी मराठीचा लोहित वेगळा, हिंदीचा वेगळा, नेपाळीचा वेगळा असे फॉन्ट होते. एकीकडे दोष काढला की तोच दोष दुसरीकडे शिल्लक राहायचा. नंतर त्यांचा एकच लोहित देवनागरी केला गेला. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुले ठेवले आहेत. त्यामुळे मराठीतला एखादा जोड चुकीचा दिसला, तर तो कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या ओळीमुळे चुकतो हे पाहायची मुभा आज वाचकाला आहे. पूर्वी फॉन्ट विकत घ्यायचा आणि तो जसा असेल तसा सोसायचा, एवढंच हाती होतं.

मुभा आहे म्हणून दुरुस्ती नीट होते असं मात्र नाही. झुओनिंग यिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनसोलारिस आणि एका व्यापारी ऑपरेटिंग सिस्टिममधल्या बग दुरुस्त्या तपासल्या. लोकांच्या हाती गेल्यानंतर सापडलेल्या बगांच्या ज्या दुरुस्त्या त्यांनी नमुन्यादाखल घेतल्या, त्यांपैकी किमान १४.८ ते २४.४ टक्के दुरुस्त्या स्वतःच चुकीच्या निघाल्या. दर सहा-सातांत एक, वाईट ठिकाणी चारांत एक. कोणाच्या हातून चुकतं हेही त्यांनी पाहिलं. चुकलेल्या दुरुस्त्यांपैकी २७ टक्क्यांपर्यंत अशा लोकांनी केल्या होत्या, ज्यांनी ती फाइल त्याआधी कधीही हाताळली नव्हती. म्हणजे प्रश्न कौशल्यापेक्षा ओळखीचा होता. ती ओळ तिथे का आहे, हे ठाऊक नसताना तिला हात लावला गेला.

याचं एक महागडं उदाहरण डेबियनचं. लिनक्सच्या या प्रसिद्ध वितरणात ओपनएसएसएल नावाचं, इंटरनेटवरची गुपितं राखणारं सॉफ्टवेअर येतं. २००६ मध्ये तपासणीचं एक साधन त्यातल्या दोन ओळींवर सारखं बोट ठेवत होतं: इथे अशी मेमरी वाचली जाते आहे, जिच्यात आधी काही लिहिलेलंच नाही. डेबियनच्या देखभालकाराने निष्काळजीपणा केला असं म्हणता येत नाही. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलं, आक्षेप आला नाही, मग दोन्ही ओळी काढल्या. इशारे थांबले. दोन्ही ओळी दिसायला सारख्या होत्या. त्यांतली एक काढली तर फारसं बिघडत नव्हतं. दुसरी मात्र गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी सगळी यादृच्छिकता आत ओतणारी ओळ होती. ती गेल्यावर किल्लीचं वेगळेपण ठरवायला फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला आणि तो तर ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. एका प्रकारच्या सगळ्या शक्य किल्ल्या कोणीही घरबसल्या बनवून ठेवाव्यात इतक्या थोड्या. हे ध्यानात आलं मे २००८ मध्ये, जवळजवळ दोन वर्षांनी, लुचियानो बेल्लो या डेबियनच्याच कार्यकर्त्याला. जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या.

इशारा का येतो हे शोधणं आणि इशारा बंद करणं ही दोन कामं आहेत. घाईत ती एक वाटतात.

घाईचाही अभ्यास झाला आहे. २००५ मध्ये श्लिवेर्स्की, झिमरमन आणि झेलर या तिघांनी मोझिला आणि एक्लिप्स या प्रकल्पांचा इतिहास उलटा चाळला. दुरुस्ती सापडली की मागे जाऊन, तो बग नेमक्या कुठल्या बदलाने घुसला होता ते शोधायचं. त्यांना आढळलं, की शुक्रवारी केलेले बदल जास्त जोखमीचे. २०११ मध्ये जॉन आयोल्फसन आणि सहकाऱ्यांनी लिनक्सचा गाभा आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस यांचे बदल वेळेप्रमाणे लावले. दोन्हीकडे सुमारे पाव हिस्सा बदल बग आणणारे निघाले. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात केलेले बदल त्यांत वाईट. सकाळी सात ते दुपारी बारा या वेळातले चांगले. आणि रोज थोडं थोडं काम करणाऱ्यांचे बदल, अधूनमधून येणाऱ्यांच्या बदलांपेक्षा कमी बग आणणारे.

हे वाचताना हार्टब्लीड आठवल्याशिवाय राहत नाही. ओपनएसएसएलमधलाच हा दुसरा मोठा बग. दोन संगणक एकमेकांशी बोलताना ‘जागा आहेस ना?’ हे विचारण्याची एक सोय त्यात घातली गेली. विचारणाऱ्याने एक शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, समोरच्याने तो शब्द परत पाठवायचा. सांगितलेली लांबी आणि आलेला शब्द यांचा मेळ आहे का, हे तपासायचं राहून गेलं. छोटा शब्द पाठवून ‘तो ६४ किलोबाइटचा आहे’ असं सांगितलं, की सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा मजकूर भरून परत पाठवायचा. त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही. हा कोड मुख्य प्रकल्पात गेला ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. दुसऱ्या जाणत्या माणसाने तो वाचून मंजूर केला होता. त्यालाही ते दिसलं नाही. ७ एप्रिल २०१४ ला बग जाहीर झाला तेव्हा सुमारे पाच लाख सर्व्हर उघडे पडले होते. दुरुस्ती काही ओळींचीच होती: लांबी तपासा, मेळ नसेल तर उत्तर देऊ नका.

लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाच दोष देऊन मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. ज्या सॉफ्टवेअरवर जगातल्या बँका आणि दुकानं उभी होती, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे दोन हजार डॉलर आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. सावधगिरीला वेळ लागतो आणि वेळ कोणीतरी विकत घेऊन द्यावा लागतो. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी गोळा करून अशा प्रकल्पांना द्यायला सुरुवात केली, ती आधी व्हायला हवी होती.

माणूस थकतो, त्याच्या नजरेतून सुटतं, हे मान्य केलं की पुढचा विचार असा येतो, की सावधगिरीचा काही भाग यंत्राकडे सोपवता येईल का? याचं एक उत्तर मुंबईच्या उपनगरातूनच गेलं आहे. पवईच्या आयआयटीत भौतिकशास्त्राच्या शाखेत शिकत असताना मनीष गोरेगावकर रस्ट या तेव्हा नव्या असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळला. रस्टची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ ची. त्याच्या आधीच, २०१४ मध्ये, त्याने ‘क्लिपी’ नावाचं साधन सुरू केलं. रस्टमध्ये लिहिलेला कोड क्लिपी वाचतो आणि संशयास्पद जागा दाखवतो. ही तुलना नेहमीच खोटी ठरेल, ही किंमत तुम्ही काढली पण वापरली नाही, हे चक्र कधी थांबणारच नाही. पुढे जगभरचे लोक त्याला येऊन मिळाले, क्लिपी रस्टच्या अधिकृत साधनांत गेला आणि आज त्यात असे सातशेहून जास्त नियम आहेत.

क्लिपीतली एक व्यवस्था डेबियनच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. चूक दाखवताना तो अनेकदा दुरुस्तीही सुचवतो आणि त्या सूचनेवर एक शिक्का असतो. काही सूचनांवर ‘ही यंत्राने परस्पर लावली तरी चालेल’ असा, तर काहींवर ‘ही चुकीची असू शकते, माणसाने पाहावं’ असा. नियमांचेही गट आहेत. जे निश्चित चूकच पकडतात ते वेगळे, नुसती शंका घेणारे वेगळे, अजून घडत असलेले वेगळे. स्वतःच्या खात्रीचं माप सोबत देणारं साधन वापरणाऱ्याला विचार करायला भाग पाडतं. २००६ च्या त्या साधनाने दोन्ही ओळींवर एकाच आवाजात ओरडा केला होता.

रस्टचा फायदा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला कसा झाला, हेही गोरेगावकरने २०१७ मध्ये लिहिलं आहे. वेबपानाची सजावट ठरवण्याचं काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळी वाटायचा प्रयत्न फायरफॉक्सने सी प्लस प्लस भाषेत दोनदा केला होता आणि दोन्हीदा सोडून दिला होता. एकाच जागी दोघांनी एकदम लिहिल्याने होणारे बग आवरत नव्हते. यिन यांच्या अभ्यासातही नीट दुरुस्त करायला सगळ्यात अवघड ठरले ते याच जातीचे बग. रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, असा कोड मुळात स्वीकारतच नाही. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्समध्ये ते काम शेवटी उतरलं.

पण कंपायलर आणि क्लिपी दहिसरची वेलांटी ओळखत नाहीत. तिथे मराठी वाचणारा माणूसच लागतो, आणि त्याचं पहिलं काम दोष नेमका कुठला आहे हे वेगळं काढण्याचं. ‘नकाशात गोराई चुकीचं दिसतं’ अशी तक्रार आली असं धरू. गोराई दोन आहेत, एक खाडीपलीकडचं गाव आणि एक बोरिवलीच्या बाजूची म्हाडाची वसाहत. कोणीतरी एकाचं नाव दुसऱ्यावर ठेवलं असेल तर चूक माहितीची. नाव नीट आहे पण अक्षर मोडतं, तर चूक फॉन्टची किंवा जुळणीची. अक्षर नीट आहे पण शोधल्यावर सापडत नाही, तर चूक शोधाची. तिन्ही दुरुस्त करणारी माणसं वेगळी, त्यांच्या फाइली वेगळ्या. हे न पाहता जो हात घालतो, तो बहुधा तिसऱ्याच जागी बदल करून बसतो.

असं वेगळं काढण्याचा एक सुरेख नमुना गोरेगावकरनेच फेब्रुवारी २०१८ मध्ये दाखवला. तेव्हा एक तेलुगू अक्षर आलं की आयफोनमधली ॲप बंद पडत होती. ‘तेलुगू अक्षराने फोन बंद पडतो’ एवढीच बातमी जगभर फिरली. त्याने ते अक्षर सुटं केलं आणि एकेक भाग बदलून पाहत गेला. व्यंजन, पायमोड, दुसरं व्यंजन, न दिसणारं विलगचिन्ह आणि स्वर असा पाच चिन्हांचा साचा त्यातून निघाला. मग तोच साचा इतर लिपींत लावला. बंगालीतही तेच घडत होतं. देवनागरीतही, दुसरं व्यंजन र असेल तर. ॲपलचा कोड बंद, आत डोकावायची सोय नाही, तरी बाहेरून चाचपून त्याने बगाची हद्द आखून दिली. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ मध्ये दुरुस्ती दिली. त्या एका अक्षरापुरतीच कोणी पट्टी मारली असती, तर बंगाली आणि देवनागरीतला धोका तसाच राहिला असता.

ओपन सोर्समध्ये मराठी वाचक अशी मदत कोड न लिहिताही करू शकतो. फक्त ‘अक्षर मोडतं’ असं लिहून उपयोग नाही आणि फक्त पडद्याचं छायाचित्र पाठवूनही नाही, कारण छायाचित्रात न दिसणारी चिन्हं दिसत नाहीत. शब्द मजकूर म्हणून चिकटवावा, म्हणजे तो ऱ ने लिहिला आहे की र आणि जोडचिन्हाने, हे समोरच्याला कळतं. सोबत छायाचित्र, कसं दिसायला हवं त्याचा नमुना, फॉन्टचं नाव, प्रोग्रॅमची आवृत्ती. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये कसा येतो, हेही पाहून लिहावं. पूर्वी नीट दिसत असेल तर कधीपर्यंत, ते सांगावं. कारण गिट या साधनात मधल्या बदलांची यादी दर वेळी निम्मी करत जाता येते आणि हजार बदलांतून दोषी बदल दहा पायऱ्यांत सापडतो. लिनक्सच्या गाभ्यात तर दुरुस्तीच्या नोंदीत, हा बग कुठल्या जुन्या बदलाने आला त्याचा क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे. कळवणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं आणि वाचून पाहणाऱ्याचं नावही तिथेच वेगवेगळं नोंदतात.

हार्फबझमध्ये अशी तक्रार खरी ठरली की दुरुस्तीबरोबर एक छोटी चाचणीही जोडली जाते. ज्या फॉन्टमध्ये शब्द मोडला, त्याची एक कापलेली प्रत घेतात, त्या शब्दाला लागतील तेवढेच आकार ठेवलेली. शब्द चिन्हाचिन्हाने, युनिकोडच्या क्रमांकांत लिहितात आणि पुढे अपेक्षित जुळणी. त्यानंतर जगात कुठल्याही लिपीसाठी कोणीही हार्फबझचा कोड बदलला, तरी तो बदल आत घेण्याआधी मराठी वाचकाने कळवलेला तो शब्द पुन्हा जुळवून पाहिला जातो.